अकरा दिवसांची ओळ

५ जानेवारी, मंगळवार

दोन वह्या आणल्या. एक मॅडमसाठी, एक माझ्यासाठी.

मॅडम म्हणजे त्या नव्या शाळेतल्या. ज्या मुलांना डोळे असून, डोकं असून वाचता येत नाही, त्यांच्यासाठीच ती शाळा आहे. या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात. मॅडमच्या तोंडी तो शब्द सर्दीपडशासारखा सहज येतो, माझी मात्र तीनदा जीभ अडखळली. मॅडमनी सांगितलंय, तपासणीच्या दिवसापर्यंत रोज वहीत लिहा, मूल काय करतं ते. तुमचं मत लिहू नका, फक्त काय घडलं ते. आता मत लिहायचं नाही तर मी फुटेन की. म्हणून ही दुसरी वही.

तर मत असं, की माझ्या पोरीने माझ्या नाकी नऊ आणलेत.

खडू अकरा वर्षांची आहे आणि दुसऱ्यांदा चौथीत बसलीय. खरं नाव वेगळं आहे, पण रांगायच्या वयात माझ्या कटिंगच्या टेबलाखाली बसून शिंप्याचा खडू चघळत असायची, तेव्हापासून सगळे खडूच म्हणतात. मी शाळांचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात कापड कापते. एका वेळी चाळीस थर, एक रेघ, आणि ती चुकली की चाळीस शर्ट वाया. सतरा वर्षांत माझी रेघ चुकलेली नाही. आणि माझ्या पोटच्या पोरीला सरळ ओळ वाचता येत नाही!

जागा आहेत बारा. तपासणी बारा फेब्रुवारीला. तिथे जागा मिळाली नाही तर इथल्या वर्गबाईंनी स्पष्ट सांगितलंय, आणखी एकदा नापास झाली तर तिसऱ्यांदा चौथीत बसवणार नाही, नाव काढून टाकू. म्हणजे घरी बसायचं.

हे लिहितेय तेव्हा खडू समोर बसून माझ्या पेनाकडे बघतेय. बघू दे. हिला कुठे वाचता येतंय.

७ जानेवारी, गुरुवार

परवा ती शाळा बघून आलो त्याबद्दल लिहायचं राहिलं. हेही आले होते, लिफ्टची दोन कामं सोडून.

चार खोल्या आहेत. बाकं गोलात मांडलेली. एका टेबलावर ताटांत बारीक वाळू, त्यात पोरं बोटाने अक्षर काढतात. भिंतीवर हातभर मोठी अक्षरं लावलीत, पॉलिश पेपरची, खरखरीत. शब्दाचे तुकडे पाडून टाळ्या वाजवतात. मी मनात म्हटलं, वाळूत बोटं फिरवायला एवढी मोठी शाळा? पण एक खरं, वर्गात कुणाचीही मान खाली नव्हती. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा पहिलीतलं पुस्तक मोठ्याने वाचत होता आणि कुणी हसत नव्हतं.

हे त्या खरखरीत अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत उभे राहिले. "अहो, चला," म्हटलं, तर दचकले. लहान मूलच! अर्ज भरायच्या वेळी नेहमीसारखा चष्मा घरी राहिलेला. मीच वाचला, मीच भरला, यांनी सही ठोकली. लिफ्टच्या तारा डोळे मिटून जोडतात, पण चष्मा खिशात ठेवायची आठवण नाही.

मॅडमनी खडूला एक काळा पुठ्ठा दिलाय. पोस्टकार्डाएवढा, मधे एका शब्दापुरती फट. कागदावर ठेवला की फटीतून एकच शब्द दिसतो, बाकीची गर्दी झाकली जाते. "ही तुझी खिडकी," मॅडम म्हणाल्या. "घाई नको. दिवसाला एक शब्द आला तरी चालेल. तुला जे वाचावंसं वाटेल ते वाच." खडूने ती खिडकी फ्रॉकच्या खिशात घातली ती अजून बाहेर काढलेली नाही.

दिवसाला एक शब्द! त्या हिशोबाने चौथीचं पुस्तक ही माझ्या वयाची झाल्यावर संपवेल.

१४ जानेवारी, गुरुवार

मॅडमच्या वहीत लिहिलं: "आज खडूने धड्याची दोन पानं वाचली. किरकोळ चुका."

घडलं ते असं. पाऊण तासात अडीच ओळी. 'समोर' हा शब्द एकाच ओळीत दोनदा आला, तर दुसऱ्यांदा तो तिला जन्मात न पाहिल्यासारखा. पालथ्या घड्यावर पाणी. मी ओरडले. मग तिने चित्राकडे बघून पुढचा धडा मनानेच सांगायला सुरुवात केली, आणि गंमत म्हणजे धड्यापेक्षा बरा सांगितला. मी पुस्तक मिटलं.

हे कसं लिहू परक्या बाईला? लोकांच्या पोरांना कपडे मी घालते, त्यांच्यासमोर माझं पोर उघडं करू? थोडं झाकूनच लिहिते. मूल काय करतं ते लिहा म्हणाल्या, तर उद्या-परवा जे करेल ते आज लिहिलं, एवढंच.

२० जानेवारी, बुधवार

देव पावला म्हणायचा. कारखान्यात काज करते ती काकू, जिला आम्ही काजकाकूच म्हणतो, तिची भाची त्या शाळेत मदतनीस आहे. झाडलोट करते, कागद आवरते. मी काकूला जेवणाच्या सुट्टीत सहज सांगत होते, की बारा जागांना चाळीस अर्ज आहेत. आज काकूने डब्याखालून घडी केलेले दोन कागद काढले. तपासणीत वाचायला देतात ते चार उतारे. दर वर्षी हेच असतात म्हणे.

"माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस," काकू म्हणाली.

"मला काय वेड लागलंय?" मी म्हटलं. तिच्या नातीला एक फ्रॉक बेतून देणार आहे.

तेवीस दिवस आहेत. परीक्षा ती परीक्षा. आजवर कुठल्या शाळेने ढ पोराला हाक मारून बोलावलंय आणि हुशार पोराला परत पाठवलंय? मी सातवीत शिष्यवृत्तीला बसले तेव्हा वडिलांनी मला तीन महिने पहाटे उठवलं होतं. जागा कष्टाने मिळतात.

२९ जानेवारी, शुक्रवार

तीन उतारे पाठ झाले. वाचायला येत नाही पण ऐकलेलं दगडावरच्या रेघेसारखं राहतं हिच्या डोक्यात. बापावर गेलीय. यांनाही गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, सगळं तोंडपाठ असतं, कधी कागद लागत नाही.

अडचण बोटाची होती. तोंड पुढच्या ओळीला आणि बोट अजून मागच्या ओळीवर, मग कोणीही ओळखेल. म्हणून मी कापडाला लावते तशा खुणा केल्या. या शब्दाला इथे बोट, श्वास इथे, ओळ संपली की डोळे डावीकडे. अधूनमधून एक अडखळणंही शिकवलं, खरं वाटावं म्हणून. आता बोट आणि तोंड जोडीने चालतात.

आज मधेच म्हणाली, "आई, मॅडम म्हणाल्या होत्या, जसं येतं तसं वाच."

"मग?"

"मग मी जसं येतं तसं वाचू का?"

"आणि चुकलीस की?"

"चुकले तर त्यांना कळेल ना, मला येत नाही ते."

फूटपट्टी हातात होतीच. दोनदा ओढली, तळहातावर. रडली नाही. चौथा उतारा सुरू केला.

हे दारात उभे होते. "असू दे गं, ती म्हणते ते..." एवढं बोलून थांबले.

"तुम्हाला काय कळतंय यातलं?" मी म्हटलं. बूट घालून बाहेर गेले.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकलो!

चारपैकी दुसरा उतारा आला. मी काचेच्या दाराबाहेरून बघत होते. बोट अगदी माझ्या खुणांवरून चाललं होतं, जिथे श्वास घ्यायचा तिथे श्वास. मॅडमनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग परत तिच्याकडे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेर आलेल्या इतर आया एकमेकींना सांगत होत्या, आमच्याला एक ओळ आली नाही, आमची तर रडायलाच लागली. मला वाईट वाटलं त्यांच्याबद्दल.

वही दिली. मॅडमनी तिथेच चाळली. "घरी बरंच वाचते की," म्हणाल्या.

"हो, मेहनत घेतलीय," मी म्हटलं.

येताना खडूला विचारलं, काय हवं ते माग. म्हणाली, "काही नको. झोपू का घरी गेल्यावर?"

२३ फेब्रुवारी, मंगळवार

जागा मिळाली नाही.

पत्र चारदा वाचलं. "वाचन वयानुरूप आहे. पालकांच्या नोंदीही त्यास दुजोरा देतात. या शाळेच्या विशेष अध्यापनाची गरज दिसत नाही. नेहमीच्या शाळेत शिक्षण सुरू ठेवावे. फेरतपासणी एक वर्षापर्यंत करता येणार नाही."

ज्यांची पोरं रडली त्यांना जागा मिळाल्या. म्हणजे तिथे जो हरतो तो जिंकतो. हे कुठलं जगावेगळं? मला कुणी आधी सांगितलं का? सांगितलं असेलही, गरज असलेल्यांना घेतो म्हणाल्या होत्या खऱ्या. पण असं सगळेच म्हणतात. शोभेला म्हणतात.

यांना पत्र दाखवलं तर म्हणाले, चष्मा नाही, तूच वाच. वाचून दाखवलं. म्हणाले, "जाऊन खरं सांग त्यांना."

काय सांगू? चोरीचे कागद आणले म्हणून? काकूच्या भाचीची नोकरी घालवू? आणि माझी अब्रू?

२५ फेब्रुवारी, गुरुवार

हात थरथरतोय पण लिहिते.

त्या पत्राची एक प्रत आमच्या शाळेतही गेली. आज वर्गबाईंनी मला सुट्टीत बोलावून घेतलं. पत्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, तज्ज्ञांनीच लिहिलंय, हिला वाचता येतं. म्हणजे चार वर्षं ही आम्हाला बनवत होती. मुद्दाम करते."

मुद्दाम करते म्हणून बाईंनी तिला सकाळपासून फळ्याशेजारी उभं केलं होतं. पुस्तक हातात देऊन. एक पान वाचल्याशिवाय बसायचं नाही. दोन तास. सगळा वर्ग बघत होता. दुसऱ्या तासाला तिने तिथेच उभ्या उभ्या स्कर्ट भिजवला. तोही मीच कापलेला, निळा, सहा कळ्यांचा.

मी गेले तेव्हाही उभीच होती, पायाखाली ओलं. मी वर्गबाईंना एक शब्द बोलले नाही. बोलणार काय, त्यांच्या हातात कागद होता आणि तो कागद मीच घडवून आणला होता. खडूला हाताला धरून ओढत घरी आणलं. रस्त्यात लोक बघत होते. कारखान्यात अर्धा दिवस भरला नाही, परत गेले तर डोकं ठिकाणावर नव्हतं, रेघ चुकली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. चाळीस शर्टांच्या बाह्या आखूड. मालकीणबाई सगळ्यांदेखत मला वाट्टेल ते बोलल्या.

खडू पोटी आली नसती तर मी सुटले असते.

लिहिलं. आता खोडत नाही. ही वही तरी माझी आहे.

६ मार्च, शनिवार

आठ-दहा दिवसांत एक बरं झालं, पोरगी वळणावर आली. सांगावं लागत नाही. भांडी घासते, कपड्यांच्या घड्या करते, यांचे बूट पुसते. शाळेतून आली की दप्तर जागेवर. मार खाल्ल्याने माणूस सुधारतो म्हणतात ते काही खोटं नाही.

एकच गोष्ट खटकली. या वहीत मागच्या पानांमध्ये तिचा तो काळा पुठ्ठा सापडला. पानाच्या कडेला बोटांचे मळकट डाग. मी विचारलं, "माझ्या वहीत तुझा कचरा कशाला?"

"खूण म्हणून ठेवला होता," म्हणाली.

"खूण कसली? तुला काय करायचंय माझ्या वहीशी?"

"तू माझं नाव लिहितेस ना यात. माझं नाव मला ओळखू येतं."

हसूच आलं मला. नाव बघत बसते वेडी. पुठ्ठा काढून तिच्या हातात दिला.

९ मार्च, मंगळवार

जेवताना म्हणाली, "आई, सुटणं म्हणजे शाळा सुटते तसंच ना?"

"हो, तसंच. जेव आता."

"शाळा सुटली की बरं वाटतं तसं?"

"हो गं बाई. तोंडात घास घाल."

घास काही घातला नाही. हल्ली अर्धंच खाते. आज ताट उचलताना म्हणाली, "बघ आई, मी आता कमीच जेवते." मी म्हटलं, नखरे नकोत.

१३ मार्च, शनिवार

काजकाकूने आज कारखान्यात सगळ्यांना हसवलं. काल शाळा सुटल्यावर खडू परस्पर काकूच्या घरी गेली आणि म्हणाली, "काकू, मी तुमच्याकडे राहायला येऊ का? मी काज करून देईन, भांडी घासीन, जेवायला थोडंच लागतं मला."

काकूने गमतीत सांगितलं, "माझ्याकडे जागा कुठे गं? माझ्या बहिणीकडे जा पुढच्या गावाला, ती शिवणासाठी पोरी ठेवून घेते."

सगळ्या खो खो हसल्या. मी पण हसले. म्हटलं, चला, निदान कामाची आवड तरी आहे. चौथी नाही झाली तर काज करील.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे हसले नाहीत. खडूजवळ जाऊन बसले, तिच्या हातातला तो पुठ्ठा घेतला, त्यातून वर्तमानपत्राकडे एक डोळा मिटून बघत राहिले. मग दोघं बापलेक गच्चीवर गेली. काय बोलली मला माहीत नाही. मला कोण सांगतंय!

२२ मार्च, सोमवार

आज शाळेतून आली नाही.

पाच वाजले, साडेपाच वाजले. आधी राग आला. मग शाळेत गेले, तर कळलं सकाळी आलीच नव्हती. काकूच्या घरी, गच्चीवर, कारखान्यात, टेबलाखाली सुद्धा वाकून बघितलं, जसं काही ती अजून रांगतेय. यांना फोन केला, ते कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट उघडी टाकून धावत आले.

सातला बसस्थानकावरचा एक कंडक्टर तिला घेऊन आला. पत्ता तिने तोंडी सांगितला म्हणाला. सकाळी नऊपासून बाकावर बसली होती. दप्तरात तीन फ्रॉक, सुईदोरा, टॉवेल. समोरून बस जात होत्या, पाट्या वाचता येत नव्हत्या. कुणाला विचारायची भीती वाटली, कारण विचारलं की लोक म्हणतात, पाटीवर लिहिलंय की. काकूच्या बहिणीच्या गावाला चार बस गेल्या तिच्यासमोरून. चारही गेल्या. चढता आलं असतं तर?

"कशाला निघाली होतीस?" मी विचारलं. खांद्याला धरून गदागदा हलवलं. "कुणी मारलं? कुणी बोललं? सांग!"

"कुणी नाही," म्हणाली. "आई, मला बस कळली नाही." आणि मग, "चुकलं माझं."

हे भिंतीला टेकून खाली बसले. यांना रडताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. "मलाही कळल्या नसत्या," असं काहीतरी बडबडले. माणूस घाबरला की वाट्टेल ते बोलतो.

२३ मार्च, मंगळवार

जाऊन सांगून आले. अब्रू गेली तर गेली. काल ती सात वाजता काय, कधीच आली नसती तर ती अब्रू घेऊन मी काय तिचा फ्रॉक शिवणार होते?

मॅडमसमोर चारही उतारे ठेवले. बोटाच्या खुणा, श्वासाच्या खुणा, सगळं दाखवलं. वहीत जे लिहिलं ते खोटं होतं म्हटलं. कागद कुठून आणले विचारलं, ते मात्र सांगितलं नाही. मॅडमनी परत विचारलं नाही. त्या कागदांकडे बघत म्हणाल्या, "मला त्या दिवशी शंका आली होती. नवीन मूल इतकं नेमकं श्वास घेत नाही. पण वहीत तुमचं अक्षर बघितलं आणि गप्प बसले. माझंही चुकलं."

मी म्हटलं, माझ्याकडे दुसरी वही आहे, त्यात सगळं खरं लिहिलंय, हवी तर आणते.

"नको," म्हणाल्या. "मुलीला आणा. एक जागा रिकामी झालीय, एका मुलाच्या आईवडिलांनी शहर सोडलं. दोन एप्रिलला मी स्वतः बसते तिच्याबरोबर. काहीही शिकवून आणू नका."

नाही शिकवणार. शपथ.

२ एप्रिल, शुक्रवार

हे कसं लिहायचं ते कळत नाही. घडलं तसंच लिहिते, मत न घालता, मॅडमनी सांगितलं होतं तसं.

या वेळी मलाही आत बसवलं. हे बाहेर बाकावर. मॅडमनी एक नवा कागद दिला. खडूने खिशातून खिडकी काढली, पहिल्या शब्दावर ठेवली. दोन शब्द झाले. तिसऱ्यावर अडली. घाम आला. मॅडम थांबल्या होत्या. मी स्वतःचा हात स्वतःच धरून बसले होते. सहा मिनिटांत एक ओळ झाली नाही.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "राहू दे. मला एक सांग. कुणी न शिकवता, कुणी न सांगता, तू आपल्या आपण काही वाचलंयस कधी?"

"हो."

"काय?"

"एक ओळ."

"मोठी होती?"

"आठ शब्दांची. अकरा दिवस लागले. पहिला शब्द सोपा होता, माझं नाव होतं. शेवटच्या दोन शब्दांना पाच दिवस लागले. छापील नव्हती ना, हाताने लिहिलेली होती. आणि हात हलला होता."

मला तेव्हाही कळलं नाही. देवाशप्पथ कळलं नाही. मी कौतुकाने मॅडमकडे बघितलं.

"शाब्बास! मोठं काम केलंस," मॅडम म्हणाल्या. "आठवते ती ओळ?"

खडूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परवानगी मागतात तसं. मी मान हलवली, सांग म्हटलं.

ती हवेत बोट फिरवत, एक एक शब्द सुटा करत म्हणाली, "खडू. पोटी. आली. नसती. तर. मी. सुटले. असते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग खडूला म्हणाल्या, "सगळे शब्द बरोबर वाचलेस." आणि खडू, माझी खडू, खूश झाली. या तपासणीत पहिल्यांदा हसली.

मग तिला बाहेर पाठवून मला विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचायचा त्रास आहे? आईवडिलांपैकी?"

"नाही," मी म्हटलं.

जागा मिळाली. नोंदीत काय लिहिणार ते मॅडमनी वाचून दाखवलं: हस्तलिखित आठ शब्द, स्वप्रयत्नाने, अकरा दिवस. विशेष अध्यापनाची नितांत गरज.

बाहेर यांच्या हातात प्रवेशाचा अर्ज दिला. "चष्मा विसरलो," म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून मोठ्याने वाचला, सगळा, रकान्याच्या टिपांसकट. मधे एका रकान्यावर अडले तेव्हा खडूने पाण्याची बाटली पुढे केली.

३ एप्रिल, शनिवार

अकरा दिवस. म्हणजे ती भांडी घासतेय म्हणून मी खूश होते तेव्हा. बूट पुसतेय, घड्या करतेय, कमी जेवतेय. घासागणिक ती मला सोडवत होती. आणि मी इथे बसून लिहीत होते, पोरगी वळणावर आली. ही वही तिच्या नाकासमोर उघडी टाकून जात होते, आंधळ्यासमोर कपडे बदलावेत तशी.

सकाळी तिला जवळ घेऊन सांगितलं. म्हटलं, खडू, ते मी रागात लिहिलं होतं, ते खरं नाही. तू मला हवी आहेस.

"हो आई," म्हणाली. लगेच. एकदाही न अडखळता.

चारही उतारे असेच म्हणायची. मी ऐकवायचे आणि ती परत म्हणायची, त्यात तिचं काहीच नसायचं. तोंडी सांगितलेलं हिला लगेच पाठ होतं. विश्वास ती फक्त त्या एका ओळीवर ठेवते, कारण ती तिने स्वतः वाचलीय.

आणि खरं सांगू? त्या दिवशी ती ओळ खोटी नव्हती. म्हणून खोडताही येत नाही. खोडली तर ती म्हणेल, आई परत झाकतेय.

४ एप्रिल, रविवार

एक कोरं पान घेतलं. कापडावर आखते तशी पट्टीने रेघ आखली. मग मोठ्या, सुट्या अक्षरांत, दोन शब्दांत बोटभर जागा सोडून लिहिलं. एकही जोडाक्षर येऊ दिलं नाही. हात हलू दिला नाही.

खडू   मला   तू   हवी

चारच शब्द. पहिला तर तिला येतोच. तिची खिडकी पहिल्या शब्दावर ठेवली आणि वही टेबलावर उघडी ठेवून स्वयंपाकघरात गेले. तिला सांगितलं मात्र नाही. सांगितलं की परत तोंडीच होईल.

५ एप्रिल, सोमवार

आज नव्या शाळेचा पहिला दिवस. हे सोडायला गेले ते तासभर आलेच नाहीत. तिथला पंखा दुरुस्त करत होतो म्हणाले. बोटांना वाळू लागली होती.

खिडकी पहिल्याच शब्दावर आहे.

९ एप्रिल, शुक्रवार

हलली नाही. टेबल पुसताना मीच धक्का लागू देत नाही. खडू येता-जाता वहीकडे बघते, थांबते, मग लांबून वळसा घालून जाते. चटका बसलेल्या तव्यापासून जातात तशी.

भांडी अजून घासते. मी हातातून काढून घेतली तर घाबरली. म्हणाली, "नीट नाही निघाली का?"

१४ एप्रिल, बुधवार

मॅडम म्हणाल्या, छान चाललंय. वाळूत पहिल्यांदा स्वतःचं नाव काढलं, टाळ्या वाजवून तुकडे पाडले, एका लहान मुलीला शिकवलं सुद्धा. मधल्या सुट्टीत मोठ्याने हसते म्हणे. मी विचारलं, घरचं काही बोलते का? मॅडम म्हणाल्या, नाही.

१६ एप्रिल, शुक्रवार

आज कारखान्यातून आले तर वहीवर खिडकी नव्हती.

वाटलं, वाचलं. चारही वाचलं. तिला शोधत आतल्या खोलीत गेले. ती जमिनीवर बसून नव्या शाळेचं पुस्तक वाचत होती. खिडकी तिच्या हातात होती, वाळूचे कण चिकटलेली. "हे शाळेत रोज आणायला सांगितलंय," म्हणाली. "मी वहीतून काढून घेतलं. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. "काढताना... काही वाचलंस?"

"नाही आई," ती म्हणाली. "तुझी वही मी आता वाचत नाही."

आणि फटीतून पुढचा शब्द शोधायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने परत येऊन वहीचं ते पान बघितलं. चार शब्दांवर बोटाचा एकही डाग नाही. दुपारी कापलेल्या काळ्या अस्तराचा तुकडा पिशवीत होता. त्याची दुसरी खिडकी कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली, आणि पहिल्या शब्दावर ठेवून वही उघडीच ठेवली.